खोकल्याचं भजन

हिंदुराव पडला तो गिरणीत, मागापाशीच. माग चालू, पट्टे चालू, आणि हा माणूस तुटलेला धागा जोडायला वाकला तो वाकलेलाच राहिला. शेजारच्या मागावरच्या गड्याला आधी वाटलं, खाली पडलेलं काहीतरी शोधतोय. मग त्याच्या तोंडाचा एक कोपरा खाली ओघळलेला दिसला आणि आरडाओरडा झाला. खात्यातल्या चौघांनी त्याला हातगाडीवर घालून इस्पितळात नेलं.

सोजरबाईला निरोप आला तेव्हा ती चाळीच्या नळावर होती. तिनं घागर भरू दिली, भरलेली घागर खोलीत नेऊन ठेवली, दाराला कडी घातली आणि मग चालू लागली. पुढं शेजारची सारजाबाई ज्याला त्याला सांगायची, "लई धीराची बाई हाय. घागर सुदिक टाकली न्हाई तिनं."

धीराचा त्यात काही संबंध नव्हता. घागर भरायची होती, ती भरली. नवरा पडला म्हणून कळलं, ते ऐकलं. दोन्ही गोष्टी तिच्या आत सारख्याच वजनानं येऊन पडल्या आणि तशाच राहिल्या.

इस्पितळातून हिंदुराव घरी आला तेव्हा उजवं अंग लुळं पडलं होतं आणि बोलणं गेलं होतं. ऐकू सगळं यायचं, समजायचंही, पण तोंडातून एकच शब्द निघायचा, "बरं." भूक लागली तरी बरं, चीड आली तरी बरं, अंथरूण ओलं झालं तरी बरं. उभ्या जन्मात कुणाचं ऐकून 'बरं' म्हटलं नाही असा हा माणूस. मुकादमाशी भांडला, जॉबरशी भांडला, युनियनच्या सभेत उठून उभा राहिला. आता डोळे वटारून, डावी मूठ आपटून तो ओरडायचा, "बरं! बरं! बरं!" आणि भेटायला आलेली माणसं मान खाली घालून चहा प्यायची.

सोजरबाई त्याला उठवायची, बसवायची, धुवायची, पुसायची. भाकरी दुधात कुस्करून भरवायची. हनुवटीवर ओघळलेलं पंच्यानं टिपायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं लुळ्या हाताला तेल लावून तो वर-खाली करायची. काठीच्या आधारानं तो दारापर्यंत जाऊ लागला, मग गल्लीच्या तोंडापर्यंत. बाया म्हणायच्या, "सोजराक्का, रडून घे की वं एकदा. मोकळं वाटंल." ती म्हणायची, "व्हय." आणि कणीक मळायला बसायची.

रडू येत नव्हतं हे खरं. पण ते या दुखण्यापासून नव्हतं. ते दुष्काळाच्या सालापासून होतं.

त्या साली त्यांची एकुलती एक लेक, बजा, अकलूजच्या पलीकडे सासरी बाळंतपणात गेली. पोटातलं पोरही राहिलं नाही. निरोप आला, दोघं एस्टीनं गेली, दहावा उरकून परत आली. दुसऱ्या दिवशी भोंगा झाला तसा हिंदुराव उठला, डबा घेतला आणि पहिल्या पाळीला गेला. सोजरबाई वाट बघत राहिली. संध्याकाळी येईल तेव्हा काहीतरी बोलेल. आला, जेवला, झोपला. दुसऱ्या दिवशी बोलेल. एकदा तिनंच सुरुवात केली, "बजीचं ते हिरवं लुगडं…" तर तो ताटावरून उठला, चपला घातल्या आणि बाहेर गेला. त्यानंतर ते नाव त्या खोलीत पुन्हा निघालं नाही. त्याला काढायचं नव्हतं म्हणून तिनं काढलं नाही. कोंडलेल्या खोलीला पुढं पुढं आपलाच वास येईनासा होतो, तसं तिचं झालं. सकाळ व्हायची, ती उठायची. जेवायची, पण तिखट लागायचं नाही, गोड लागायचं नाही. चाळीत कुणाचं बारसं असलं तर जायची, पाळण्याची दोरी धरायची आणि परत यायची.

त्यामुळं हिंदुरावाचं बोलणं गेलं तेव्हा घरात फार काही बदललं नाही. आधी तो बोलत नव्हता, आता त्याला बोलता येत नव्हतं.

गल्लीच्या टोकाला नगरपालिकेचा छोटा दवाखाना होता. तिथली नर्स शिवबाई, ठेंगणी, चुळबुळी, गिरणगावातल्या घराघरात शिरणारी. ती एकदा हिंदुरावाला बघायला आली आणि जाता जाता उंबऱ्यात थांबली.

"सोजरबाई, सोमवारी संध्याकाळी यांना दवाखान्यात आणा की."

"कशाला? सुई द्याची हाय व्हय?"

"सुई नाही हो. गाणं असतंय आपल्या व्हरांड्यात."

"ते खोकल्याचं भजन?"

शिवबाई हसली. दवाखान्याच्या फळ्यावर खडूनं 'समूहगान' असं लिहिलेलं असायचं, पण गल्लीनं त्याला खोकल्याचं भजन हेच नाव ठेवलं होतं. त्याची सुरुवात मडिवाळप्पानं केली. हा अक्कलकोटच्या बाजूचा कानडी माणूस, जन्म गिरणीत कापूस फोडण्याच्या खात्यात गेलेला. छातीत कापसाची धूळ बसली आणि मुदतीआधी घरी बसला. औषधाच्या रांगेत ताटकळताना तो आपला आपण गुणगुणायचा. मागचा-पुढचा साथ द्यायचा. शिवबाईच्या ध्यानात आलं, की गुणगुणल्यावर मडिवाळप्पाची धाप बसते. तिनं डॉक्टरांना सांगितलं, डॉक्टर म्हणाले गाऊ देत, दवाखाना बंद झाल्यावर व्हरांडा मोकळाच असतो. तेव्हापासून दर सोमवारी विड्या वळून वळून तंबाखूनं खोकणाऱ्या बाया, गिरणीतले दमेकरी, झोप न येणाऱ्या म्हाताऱ्या, असे सगळे पोत्यांवर बसून गात होते.

"ह्यांना तर बोलता बी येत न्हाई. आन् खोकला बी न्हाई ह्यांना," सोजरबाई म्हणाली.

"नसू दे. चार माणसांत बसतील. आणि तुम्हीबी बसाल."

सोजरबाईनं नाही म्हटलं नाही. नाही म्हणायलाही काही लागतं.

सोमवारी तिनं त्याला नेलं. व्हरांड्यात औषधाचा आणि फिनेलचा वास होता. मडिवाळप्पा भिंतीला टेकून खंजिरी घेऊन बसला होता. वाळलेला, पांढरी टोपी, गळ्याच्या शिरा दोरीसारख्या. त्यानं हिंदुरावाला बघितलं आणि पोत्यावर जागा केली.

"या की ओ, या. हितं बसा. अक्का, तुम्ही तिकडं. आमचं एकच कायदा हाय बघा. एक ओळ एका दमात. दम तुटला तर गप बसायचं, शेजारचा पुढं नेतंय. लाजायचं न्हाई."

मग गाणं सुरू झालं. विडीवाल्या बायांनी तेलगूतलं काहीतरी म्हटलं, एका म्हाताऱ्यानं देवाचं म्हटलं. मधेच कुणाला खोकल्याची उबळ यायची, तो बाजूला तोंड करून खोकायचा, बाकीचे ओळ धरून ठेवायचे, आणि तो परत येऊन मिसळायचा. सोजरबाई बसून राहिली. तिला ते बरं वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही. समोरच्या भिंतीवर देवीच्या लसीचं जुनं चित्र होतं, ते ती बघत राहिली. हिंदुराव डाव्या हातानं काठी धरून खाली बघत होता. तो हलला नाही.

पुढचा सोमवार तसाच गेला, त्याच्या पुढचाही. खोलीत बसायचं ते व्हरांड्यात बसायचं, एवढाच फरक. पण एकदा नेलं म्हणून ती नेत राहिली.

हिवाळ्याचे दिवस होते. एका सोमवारी माणसं कमी होती. मडिवाळप्पा म्हणाला, "आज देवाचं नको. आज आपापल्या गावाकडचं कामाचं गाणं म्हणायचं. जात्याचं म्हणा, पेरणीचं म्हणा. अक्का, तुमचं गाव कुठलं?"

"वेळापुराकडं," सोजरबाई म्हणाली.

"मालक काय करत होते तितं?"

"गिरणीत यायच्या आदी मोट हाकायचे. कालव्याचं पानी आमच्या रानाला आलं न्हवतं तवा."

"मग मोटंवरचं गाणं असणार की! म्हणा."

"मला न्हाई येत. मी न्हाई गात."

"गाऊ नका. नुसतं बोला. आम्ही चाल लावतो."

सगळे तिच्याकडं बघत होते. तिला वाटलं, बोलून टाकावं म्हणजे नजरा जातील. लग्न होऊन ती आली तेव्हा विहिरीवरून पहाटे पहाटे ऐकू यायचं ते गाणं. तिनं किराणा सांगावा तशा कोरड्या आवाजात म्हटलं, "चल रं माज्या सावळ्या, हिरीत पानी हासतंय…"

आणि शेजारून आवाज आला,

"मळा बगतुया वाट, ऊन डोंगरी बसतंय…"

आवाज खरखरीत होता, गंजलेल्या चाकासारखा, पण शब्द स्वच्छ होते. हिंदुराव समोर बघत गात होता. तोंडाचा एक कोपरा खालीच होता, तरी शब्द त्यातून सरळ बाहेर येत होते. मडिवाळप्पाचा हात खंजिरीवर थांबला. मग त्यानं अगदी हलका ठेका धरला. हिंदुराव गात राहिला. सावळ्या नावाच्या बैलाला हाका घालत, मोटेचा दोर, सोंदूर, ओढत, पाणी पाटात सोडत, सगळं गाणं तो शेवटापर्यंत गायला. शेवटी मोट हाकणारा भुकेला होतो आणि बांधाकडं बघतो.

"कोन येतंया बांधावरनं, डोईवर पाटी घिऊन?
आई येतीया बांधावरनं, डोईवर पाटी घिऊन."

गाणं संपलं. शिवबाई दारात हातात ट्रे घेऊन उभी होती, तिचे डोळे भरले होते. एक विडीवाली बाई तोंडाला पदर लावून हुंदके देत होती. सगळ्यांनी सोजरबाईकडं बघितलं, की आता ही काय करते.

तिनं पंचा घेऊन हिंदुरावाची हनुवटी पुसली. आपल्याला आता काहीतरी वाटायला पाहिजे, हे तिला कळत होतं. तिनं आत बघितलं. काही नव्हतं.

"हिंदुराव!" शिवबाई पुढं येऊन म्हणाली. "बोला की! नाव सांगा तुमचं!"

हिंदुरावानं तोंड उघडलं.

"बरं," तो म्हणाला. आणि ढसाढसा रडायला लागला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सोजरबाईला समजावून सांगितलं. बोलण्याची जागा मेंदूत एका बाजूला असते, गाण्याची बरीचशी दुसऱ्या बाजूला. एका बाजूला इजा झाली म्हणून दुसरी जातेच असं नाही. आणि रडण्याचं म्हणाल तर या दुखण्यात माणूस उगाच रडतो, उगाच हसतो, त्याचं फार मनावर घेऊ नका. सोजरबाईनं मान डोलावली. मनावर घ्यायचं नाही, हे तिला जमण्यासारखं होतं.

चाळीत बातमी पसरली. माणसं येऊन हिंदुरावासमोर बसायची. "म्हणा की मोटंचं." तो म्हणायचा. मग माणसं म्हणायची, "आता बोला." तो म्हणायचा, "बरं." थोड्या दिवसांनी माणसं यायची थांबली.

शिवबाई मात्र थांबली नाही. "तुम्ही घरात त्यांच्याशी गाऊन बोला," ती म्हणाली. "काय हवं-नको ते त्या चालीवर विचारा. बघू तरी."

"लोक हासत्याल."

"हसू दे की. हसणाऱ्यांचं काय जातंय?"

सोजरबाईनं दार लोटून घेतलं आणि त्याच्यापुढं ताट ठेवून, मोटेच्या चालीवर, आवाज खाली ठेवून म्हटलं, "दूद घिता का भाकरीत? सांगा मला, दूद घिता का?"

हिंदुरावानं तिच्याकडं असं बघितलं, जणू ती खुळी झाली. मग त्याचा डावा हात मांडीवर ठेका धरू लागला. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"दूद… नको," तो गायला. "दूद नको… दूद नको गं."

आजारी पडल्यापासून ती त्याला रोज दोन वेळा दुधात कुस्करलेली भाकरी भरवत होती, आणि तो रोज डोळे वटारून 'बरं' म्हणत होता.

"मग काय पायजे?" तिनं चालीवर विचारलं.

त्यानं पुन्हा मांडीवर ठेका धरला. "चट्… चटणी," तो गायला.

तिनं शेंगाची चटणी वाढली, वर तेल घातलं. तो डाव्या हातानं, अर्धी सांडत, खात राहिला. भिंतीपलीकडून सारजाबाईच्या सुना फिदीफिदी हसल्या. पुढं पुढं तर चाळीतली पोरं नळावर एकमेकांना "पानी घिता का, सांगा मला" असं गाऊन चिडवायची. सोजरबाईला त्याची लाज वाटली नाही. लाज वाटायलाही आत कुणीतरी जागं लागतं.

काम मात्र सोपं झालं. पाणी, लघवी, थंडी, उजेड, बस, ऊठ, अशी थोडीबहुत देवाणघेवाण त्या चालीवर होऊ लागली. नवीन शब्द बसायला दिवस दिवस लागायचे. काही बसायचेच नाहीत. सोमवारी व्हरांड्यात तो आता आपण होऊन सुरुवात करायचा, आणि मोटेचं गाणं सगळ्यांचं झालं. मडिवाळप्पानं त्यात एक भर घातली. शेवटच्या कडव्यात, बांधावरनं कोण येतंय तिथं, ज्यानं त्यानं आपल्या घरचं नाव घालायचं, आणि सगळ्यांनी ते नाव उचलायचं. विडीवाल्या बाया आपल्या लेकींची नावं घालायच्या, म्हाताऱ्या आपापल्या बहिणींची. मडिवाळप्पा एकदा म्हणाला, "म्हैस येतीया बांधावरनं," तेव्हा हसून हसून निम्म्यांना खोकला लागला. सोजरबाईची पाळी आली की ती मान हलवायची, आणि शेजारची पुढं न्यायची. हिंदुराव दर वेळी 'आई'च म्हणायचा. जे पाठ होतं तेच.

उन्हाळा लागला. गिरणीच्या धुराड्याचा धूर सरळ वर जायचा, वारा नसायचा. अशाच एका सोमवारी कडवं फिरत फिरत हिंदुरावापाशी आलं. त्यानं श्वास घेतला. सोजरबाई पंचा घडी करत होती.

"कोन येतंया बांधावरनं, डोईवर पाटी घिऊन?"

तो थांबला. मडिवाळप्पा ठेका धरून होता. सगळे 'आई' म्हणायला तोंड उघडून बसले होते.

"बजा," हिंदुराव गायला. "बजा येतीया बांधावरनं, डोईवर पाटी घिऊन."

आणि कुणाला काही माहीत नव्हतं. कोण बजा, कुणाची बजा. नाव आलं, ते त्यांनी उचललं. सगळा व्हरांडा गायला लागला, विडीवाल्या, दमेकरी, म्हाताऱ्या, दारात टेकलेली शिवबाई, "बजा येतीया बांधावरनं, डोईवर पाटी घिऊन." एकदा, आणि पुन्हा एकदा, कारण मडिवाळप्पाला ते नाव ठेक्यात छान बसतंय असं वाटलं आणि त्यानं बोट फिरवून पुन्हा म्हणा असं सुचवलं.

सोजरबाईच्या हातातला पंचा तसाच राहिला. ते नाव तिच्या चारी बाजूंनी येत होतं. अनोळखी गळ्यांतून, खोकल्यानं फाटलेल्या, तेलगू वळणाच्या, कानडी वळणाच्या. तिच्या लेकीला त्यातल्या कुणी पाहिलं नव्हतं. तिनं हिंदुरावाकडं बघितलं. तो समोर बघत होता, भिंतीच्या पलीकडं कुठंतरी.

तिनं त्याला धरून घरी आणलं. त्याला खाटेवर बसवलं, काठी कोपऱ्यात ठेवली. बाहेर अजून ऊन होतं.

"तुमी तिचं नाव काडलं," ती म्हणाली. गाऊन नाही, बोलून.

हिंदुराव तिच्याकडं बघत राहिला.

"का काडलं? आताच का काडलं?"

"बरं," तो म्हणाला.

"बरं काय? काय बरं?" तिचा आवाज चढला, आणि तो चढलेला तिलाच परका वाटला. "तवा तोंड हुतं की तुमाला! धडधाकट तोंड हुतं! मी वाट बगत बसले. आज बोलत्याल, उद्या बोलत्याल. लुगड्याचं नाव काडलं तर ताटावरनं उटून गेला तुमी. मी काय करायचं हुतं? कुनाजवळ बोलायचं हुतं? भिंतीजवळ? आन् आता सगळ्या गल्लीला म्हनाया लावलं तिचं नाव! ज्यांनी तिला बगितली न्हाई त्यांनी म्हनायचं, आन् मी न्हाई?"

ती हे सगळं उभ्यानं बोलत होती. बोलता बोलता तिनं फळीवरची परात उचलली आणि जमिनीवर आपटली. परात मोठ्यानं घणघणली आणि भिंतीला जाऊन लागली. शेजारचा आवाज बंद झाला.

हिंदुराव रडत होता. तोंड वाकडं करून, खांदे हलवत. सोजरबाई बघत राहिली. डॉक्टर म्हणाले होते, या दुखण्यात माणूस उगाच रडतो. हे रडणं दुखण्याचं होतं का बजाचं, हे कळायला मार्ग नव्हता. त्याला विचारून उपयोग नव्हता. कदाचित त्यालाही ते वेगळं काढता आलं नसतं.

ती त्याच्याजवळ खाटेवर बसली. तिला धाप लागली होती. छाती भात्यासारखी वर-खाली होत होती, आणि हाताच्या तळव्यांना परातीच्या कडेची झिणझिण जाणवत होती. बऱ्याच वेळानं तिनं त्याचा लुळा हात मांडीवर घेतला आणि रोजचं तेल लावायला सुरुवात केली.

पुढच्या सोमवारी गाणं सुरू व्हायच्या आधी तिनं मडिवाळप्पाला सांगितलं, "ती बजा मंजी आमची लेक. दुश्काळात गेली. बाळंतपनात."

शिवबाई काहीतरी सांत्वनाचं बोलायला पुढं झाली, पण मडिवाळप्पानं हातानं तिला थांबवलं. त्याची स्वतःची छाती त्या दिवसांत फार घरघरत होती. एक वाक्य बोलायला त्याला दोनदा थांबावं लागत होतं.

"अक्का," तो म्हणाला, "मग तिला नुसतं बांधावर उभं करून… कसं चालंल? पाटीत काय आणली ती? सांगा. कडवं पुरं करू."

सोजरबाईनं विचार केला. बजा लहानपणी सुट्टीत गावी गेली की आजोबांना रानात न्याहारी घेऊन जायची आणि वाटेत निम्मी स्वतःच खायची, हे तिला आठवलं. कितीतरी दिवसांत आठवलं नव्हतं.

"निम्मी भाकर," ती म्हणाली. "निम्मी वाटंतच खायाची ती."

कुणीतरी हसलं, आणि हसू आवरलं. मडिवाळप्पानं खंजिरीवर बोटं ठेवली.

"निम्मी भाकर पाटीमंदी," त्यानं चालीवर बसवून बघितलं, "निम्मी गेली वाटंवर. म्हणा आता. एका दमात."

सगळ्यांनी म्हटलं. हिंदुरावाला ते नवीन होतं, त्याला पहिल्यांदा आलं नाही. 'निम्मी' एवढंच आलं. सोजरबाईनं त्याच्या मांडीवर बोटांनी ठेका धरला आणि पुन्हा म्हटलं. तिचा आवाज बसका होता, सूर इकडं तिकडं जात होता. दम मधेच तुटला, तेव्हा शेजारच्या विडीवालीनं ओळ पुढं नेली. ती श्वास घेऊन परत आली.

त्यानं फार काही झालं असं नाही. हिंदुरावाचं बोलणं परत आलं नाही. तो आणखी दोन उन्हाळे जगला, तेवढ्यात गाऊन मागता येतील अशा गोष्टी थोड्या वाढल्या, आणि भाकरीचं कडवं त्याला अखेरपर्यंत कधी अर्धं, कधी पुरं यायचं. बजाबद्दल तो तिच्याशी कधी बोलला नाही, बोलूच शकला नाही. पण ती बोलायची. भाकरी थापताना, त्याला आंघोळ घालताना, मनात येईल ते, कधी चालीवर, कधी तशीच. तो ऐकायचा. उठून जायची सोय त्याला राहिली नव्हती, हे एकदा तिच्या ध्यानात आलं, आणि तिला थोडं वाईट वाटलं. मडिवाळप्पा पावसाळ्यात गेला. त्याची खंजिरी घरच्यांनी व्हरांड्यात आणून दिली. ती कुणाला नीट वाजवता यायची नाही, तरी सोमवार चालू राहिला.

सोजरबाईला रडू आलं का, असं शिवबाईनं तिला पुढं कधीतरी विचारलं. नाही, असं ती म्हणाली. ते एकदम असं काही आलंच नाही.

पण एक दिवस असा होता. तोच उन्हाळा, कडवं पुरं केल्यानंतरचे दिवस. शिवबाईला लसी टोचायला जायचं होतं म्हणून त्या सोमवारी गाणं दुपारीच उरकलं. सोजरबाई हिंदुरावाला धरून घराकडं निघाली आणि बजाचं बोलायच्या नादात तिच्या चपला व्हरांड्यातच राहिल्या. रस्त्यावर नुकतंच डांबर टाकलेलं होतं, ते उन्हानं मऊ होऊन चकाकत होतं. ती त्यावरून थोडी चालली असेल, आणि एकाएकी थांबली.

"आगं आई गं!" ती ओरडली आणि एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचायला लागली. "भाजलं! भाजलं वं पाय!"

हिंदुराव काठीवर भार देऊन वळला. ती त्याच्या दंडाला धरून, लुगडं गुडघ्याएवढं उचलून, टाचांवर उड्या मारत होती. सायकलवरून चाललेला एक गिरणीवाला बघत बघत गेला. तिनं हिंदुरावाला रस्त्याकडेच्या लिंबाखाली उभं केलं आणि स्वतः सावलीतल्या मातीत पाय घासत राहिली. तळवे लाल झाले होते, आग आग होत होती.

"हितंच थांबा," ती म्हणाली. "हलू नका. चपला घिऊन येते."

आणि कडेकडेनं, जिथं जिथं सावली होती तिथं तिथं पाय टाकत, ती दवाखान्याकडं परत निघाली.